सहाव्या कोर्टावरचा गुण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जगातल्या नामवंत टेनिस प्रशिक्षकांवर पानभर मजकूर दिलात. त्यात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डिक गूल्ड यांच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली, आणि तीही विम्बल्डनविजेता जॉन मॅकेन्रो आणि दुहेरीत गाजलेले ब्रायन बंधू यांना घडवणारे म्हणून. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयाचा जिमखाना सांभाळला. गूल्ड यांची ओळख अशी करून दिलेली पाहून राहवले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मॅकेन्रोचे टेनिस न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट वॉशिंग्टनच्या अकादमीत घडले. १९७७ साली पात्रता फेरीतून येऊन तो विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि त्यानंतर स्टॅनफर्डमध्ये दाखल झाला. तिथे तो खेळला एकच हंगाम. बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्यांच्या हातात रॅकेट दिली ती त्यांच्या आईवडिलांनी; वेन आणि कॅथी ब्रायन दोघेही टेनिस शिकवणारे. ही पोरे दोन वर्षे राहिली आणि व्यावसायिक झाली. म्हणजे ज्या तिघांच्या नावावर आपण गूल्ड यांना मोठे ठरवले, ते तिघे त्यांच्याकडे तयार होऊनच आले होते. मग या गृहस्थांनी ३८ वर्षे केले काय?

उत्तर आकड्यांत आहे, पण ते आकडे नीट वाचावे लागतात. गूल्ड स्वतः स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. शेजारच्या फूटहिल महाविद्यालयात काही काळ शिकवून १९६६-६७ च्या हंगामात ते प्रशिक्षक म्हणून परत आले. त्या काळी अमेरिकेतले महाविद्यालयीन टेनिस म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांचे घरचे कार्य होते. १९६० ते १९७१ अशी सलग बारा वर्षे राष्ट्रीय सांघिक अजिंक्यपद एकतर यूसीएलएकडे गेले, नाहीतर यूएससीकडे. आर्थर अ‍ॅश, स्टॅन स्मिथ, जिमी कॉनर्स ही सगळी त्याच दोन घरांतली मुले. गूल्ड यांनी टेनेसीचा डावखुरा रॉस्को टॅनर आणला, तोफेसारखी सर्व्हिस असलेला. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९७३ साली, पहिले अजिंक्यपद आले. टॅनरच्या नशिबी ते नव्हते. त्यानंतर १९७४, १९७७, १९७८... अशी २००० पर्यंत एकूण १७ अजिंक्यपदे. सांघिक लढतींचा हिशेब ७७६ विजय आणि १४८ पराभव.

आता याच सालांकडे वेगळ्या नजरेने पाहा. १९७३ ते २००० या काळात दोन अजिंक्यपदांमध्ये तीन वर्षांहून जास्त अंतर कधीच पडले नाही. म्हणजे या अठ्ठावीस वर्षांत जो मुलगा संघात पूर्ण चार हंगाम टिकला, त्याने निदान एकदा तरी करंडक उचललाच. मी हा हिशेब कागदावर मांडून दोनदा तपासला. १९९५ ते १९९८ मध्ये खेळलेल्या पॉल गोल्डस्टाइनने तर चारही वर्षे उचलला. मॅकेन्रोच्या नावापेक्षा मला हे मोठे वाटते.

हे का जमते, ते मला टीव्हीवर कधी कळले नसते. मुलगी स्टॅनफर्डजवळच्या सनीवेलला राहते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी एका दुपारी स्टॅनफर्डचा सामना दाखवायला नेले. मी डेव्हिस कप डोळ्यांसमोर ठेवून गेलो होतो आणि पाहतो तर जत्रा! आधी दुहेरीचे तीन सामने शेजारशेजारच्या कोर्टांवर एकदम सुरू. त्यातले दोन जिंकणाऱ्याला मिळून एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, तेही सहा कोर्टांवर एकाच वेळी, प्रत्येकाला एक गुण. सातांपैकी चार गुण झाले की लढत संपली. एखाद्या गेममध्ये ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला की त्या गेमचा पुढचा एकच पॉइंट निर्णायक. मुले शेजारच्या कोर्टावरच्या भिडूला ओरडून धीर देतात, प्रशिक्षक दोन गेमच्या मधे खुर्चीशेजारी येऊन कानात काही सांगून जातो. टेनिसमध्ये असे चालते हे पाहून मी पहिला अर्धा तास अस्वस्थच होतो. 'शांतता राखा' म्हणायची सवय जाता जात नाही.

पण खरी गंमत पुढे. पहिल्या कोर्टावरच्या अव्वल खेळाडूचा विजय एका गुणाचा आणि सहाव्या कोर्टावरच्या, जिथे प्रेक्षकही नसतात, त्या पोराचा विजयही एकाच गुणाचा. चार गुण झाले की उरलेले सामने आहेत तिथे थांबतात. एखादा सेट जिंकून पुढे असला तरी त्याचा सामना अर्धवट म्हणून लिहिला जातो. एकट्या मॅकेन्रोच्या जिवावर अशी लढत जिंकता येत नाही. १९७८ चा स्टॅनफर्डचा संघ अपराजित राहिला, १९९८ चा २८ पैकी २८ लढती जिंकून गेला, ते पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या मुलांमुळे. तिथे दुसऱ्या संघांकडे माणूस नसे, गूल्ड यांच्याकडे असे.

त्यातून शिष्यवृत्तीचा जाच. अलीकडेपर्यंत कित्येक वर्षे पुरुषांच्या टेनिस संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत साडेचार (महिलांना आठ). एकेरीलाच सहा जण उभे करायचे, दुखापतीसाठी वर दोन-तीन हवेत आणि वाटायला साडेचार. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला पाठीवर थाप. अवघड हिशेब आहे हो! मी पाच ट्रॅकसूट आठ जणांत वाटलेले आहेत, त्यामुळे त्यातली भांडणे मला ठाऊक आहेत.

१९९८ साली आणखी एक मौज झाली. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत वैयक्तिक एकेरीच्या अंतिम सामन्यात बॉब ब्रायन आणि पॉल गोल्डस्टाइन समोरासमोर आले, दोघेही स्टॅनफर्डचे. बॉब जिंकला. दुहेरी त्याने भावाबरोबर जिंकली, सांघिक होतेच. एका वर्षात तिन्ही. पण अशा अंतिम सामन्यात प्रशिक्षकाने कुणाच्या खुर्चीशेजारी बसायचे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

गूल्ड यांचे सगळेच शिष्य गुणी बाळे होते असेही नाही. विम्बल्डनचा सामना अर्ध्यात सोडून तरातरा निघून जाणारा जेफ टॅरँगोही त्यांचाच. मॅकेन्रो आहेच. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते तिकडेही खरे.

२००४ साली गूल्ड यांनी जागा सोडली ती जॉन व्हिटलिंगर यांच्या हाती. १९७४ च्या संघातला हा त्यांचाच खेळाडू, त्या वर्षीचा राष्ट्रीय एकेरी विजेता. २०१४ मध्ये व्हिटलिंगर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आला तोच पॉल गोल्डस्टाइन. आजोबा, मुलगा, नातू अशी गादी चालली आहे. मात्र २००० नंतर पुरुषांचे सांघिक अजिंक्यपद स्टॅनफर्डकडे आलेले नाही. गादी चालवता येते, पण सहाव्या कोर्टावरचा तो पोरगा दर वर्षी नव्याने शोधावा लागतो. आता तर जगभरातून खेळाडू गोळा करणारी विद्यापीठे झाली आहेत. आपलाच सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय एकेरीचा विजेता होता. २००७ च्या अंतिम सामन्यात त्याने जॉन इस्नरला हरवले. आपल्याकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. ऋतुजाने पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले, तेव्हा आपल्या पानावर तिचे मोठे छायाचित्र होते, पण तिच्या कॉलेजच्या वर्षांबद्दल एक शब्द नव्हता.

आमच्याकडचे सांगायचे तर आमच्या कॉलेजात मातीचे एक कोर्ट होते. सकाळी पाणी मारून रोलर फिरवायचो, फक्कीच्या रेषा मी स्वतः मारायचो. त्या जागी आता दुचाकी लागतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निवडायचा, आठ-दहा दिवसांचे शिबिर, मग रेल्वेचे आरक्षण, परत आलो की संघ संपला. पुढच्या वर्षी नवी निवड, नवे चेहरे. यात मी दुसऱ्यांना दोष देत नाही, मीही तसेच केले. एक मुलगा तीन वर्षे राखीव म्हणून माझ्याबरोबर आला. सामान उचलायचा, चेंडू आणायचा, रात्री सगळ्यांच्या रॅकेटची ग्रिप बदलायचा. एकही सामना खेळला नाही. मध्यंतरी मिरजेच्या स्टँडवर भेटला, वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "सर, तेव्हा एकदा तरी उतरवायचं होतंत." मी विषय बदलून त्याच्या मुलांच्या शाळेचे विचारले.

तेव्हा एवढीच विनंती. एक, पुढे कधी गूल्ड यांच्यावर लिहाल तेव्हा मॅकेन्रोबरोबर गोल्डस्टाइनचेही नाव घाला. दुसरी अशी, की आंतरविद्यापीठ टेनिसचा निकाल आपल्याकडे दोन ओळींत येतो आणि त्यात फक्त विद्यापीठाचे नाव असते. संघातल्या सगळ्या पोरांची नावे छापा, राखीव धरून. जागा कमी पडत असेल तर प्रशिक्षकाचे गाळलेत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडा संचालक, सांगली