चर्चेच्या वेळापत्रकात शोकाला जागा ठेवा

मा. परराष्ट्रमंत्री यांना,
सविनय नमस्कार.

शांतताचर्चेच्या फाइलमध्ये नकाशे असतात, सैन्याचे आकडे असतात, कराराचा मसुदा असतो. समोरच्या समाजाचा कोणता शोक अजून अपुरा आहे, याचं पान मात्र नसतं. ते जोडावं, यासाठी हे पत्र.

१३८९मध्ये ओटोमन तुर्कांविरुद्धच्या कोसोवोच्या लढाईत सर्बांचा शासक लाझार मारला गेला. सहाशेव्या स्मृतिदिनाआधी त्याचे अवशेष गावोगावी मिरवले गेले. २८ जून १९८९ला त्या लढाईच्या स्मारकस्थळी, गाझिमेस्तानला, सर्बियाचे नेते मिलोशेविच यांनी सशस्त्र लढायांची शक्यताही बोलून दाखवली. १९९२मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं. मनोविश्लेषक वामिक वोल्कान यांनी अशा पराभवाला ‘निवडलेला आघात’ म्हटलं. तो कुणी बसून निवडत नाही. ज्या पिढीला रडता आलं नाही ती तो पुढच्या पिढीच्या ओटीत टाकते. मग नेत्याने फुंकर घातली की सहाशे वर्षं कालची होतात आणि बोस्नियातल्या मुसलमान शेजाऱ्यात ओटोमन शिपाई दिसू लागतो. सत्ता, जमीन, मोडकळीला आलेला देश ही कारणं होतीच. पण पेटायला सरपण लागतं तसं ठिणगीलाही कोरडं गवत लागतं.

नोव्हेंबर १९७७मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी इस्रायली संसदेत अरब आणि इस्रायलींमधली मानसिक भिंत हाच ७० टक्के प्रश्न असल्याचं सांगितलं. आकडा त्यांचा, मोजलेला नव्हे. तरी त्यानंतर मनोविश्लेषक, मनोविकारतज्ज्ञ आणि निवृत्त मुत्सद्दी अरब व इस्रायली प्रतिनिधींना वर्षानुवर्षं एकत्र बसवत राहिले. त्या बैठकांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. पहिल्या दिवशी दोन्ही गट आपापल्या जखमांची यादी वाचतात. मग अचानक जवळीक येते, हसणं-खिदळणं होतं. आणि लगेच एखाद्या क्षुल्लक शब्दावरून दोघे लांब सरकतात. वोल्कान याला अकॉर्डियन म्हणत. आपण पेटीचा भाता म्हणू. फार जवळ आलं की ‘आपण त्यांच्यासारखे झालो’ ही भीती दाटते, आणि अंतर घेतल्यावरच ओळख शाबूत वाटते.

इथेच मध्यस्थ घाबरतो आणि घाईघाईने संयुक्त निवेदनावर सह्या मागतो. मायदेशी परतताच ते निवेदन फाटतं. भाता दहा-बारा वेळा हलू द्यावा, त्याचा झोका आपोआप लहान होतो. मसुदा तेव्हा उघडावा.

म्हणून मागणी अशी: अधिकृत चर्चेआधी प्रभावी पण पदावर नसलेल्या व्यक्तींच्या चार-चार दिवसांच्या बैठका, दर तीन-चार महिन्यांनी, किमान दोन वर्षं. माणसं तीच ठेवा. दर वेळी नवे चेहरे पाठवले की भाता पहिल्यापासून सुरू होतो. विरोधी नेत्याचं दुरून ‘निदान’ करणारी टिपणं मागवू नका, ती बहुधा आपलीच भीती सांगतात. आणि तारीख ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे स्मृतिदिन तपासून घ्या.

आपले,
मनोविश्लेषण व संघर्षनिवारणाच्या क्षेत्रातले कार्यकर्ते