चि. मुक्तास पत्र

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू म्हणालीस की ऑटोइम्यून आजारांचा, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते त्या आजारांचा, दोष टी आणि बी पेशींकडेच जातो, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींचा धडा परीक्षेपुरता वाचला तरी भागते. तेवढ्यात आईने कुकर उघडून द्यायला हाक मारली आणि बोलणे अर्धवट राहिले. मला ते पटलेले नाही, का ते इथे लिहितो.

मी लॅबमध्ये लागलो तेव्हा ल्युपस या ऑटोइम्यून आजाराची शंका आली की डॉक्टर त्याची खूण मानली जाणारी ‘एल. ई. सेल’ ही पेशी पाहायला सांगत. गोठलेले रक्त जाळीवर चोळून गाळायचे, ३७ अंशांवर ठेवायचे, मग पांढऱ्या पेशींच्या थराचा स्मिअर, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, ओढून लिशमन रंगाने रंगवायचा आणि मान अवघडेपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. पेशी सापडली की मात्र ओळखण्यात चूक होत नसे: न्यूट्रोफिलच्या पोटात फिकट जांभळा, गुळगुळीत गोळा, आणि तिचे स्वतःचे केंद्रक कडेला चेपलेले. हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली वर्णन केलेली हीच ती पेशी. तो गोळा म्हणजे दुसऱ्या पेशीचे प्रतिपिंडांनी (एरवी जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांनी) माखलेले केंद्रक. गुन्हेगार प्रतिपिंडे आणि न्यूट्रोफिल नुसती कचरा उचलणारी, असे आम्हाला शिकवले गेले, आणि मीही ते अनेक वर्षे खरे मानले.

२००४ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी दाखवले की न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवतात. हे जाळे वेळेवर साफ झाले नाही, तर ल्युपसमधील प्रतिपिंडे ज्यांच्यावर उठतात तो डीएनए आणि हिस्टोन (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने) नेमके उघड्यावर पडून राहतात. प्रतिपिंडांसह तो डीएनए प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी या विषाणूंवर पहारा ठेवणाऱ्या पेशींच्या आत पोचला की त्यांचा टोल-लाइक रिसेप्टर ९ हा डीएनए ओळखणारा रेणू जणू विषाणूच शिरल्यासारखा चेततो आणि त्या इंटरफेरॉन, म्हणजे धोक्याचा इशारा देणारी प्रथिने, ओतू लागतात. त्या इंटरफेरॉनने बी पेशींना बळ मिळते आणि न्यूट्रोफिल जाळे टाकायला आणखी सज्ज होतात. हे चक्र एकदा फिरू लागले की सुरुवात कोणी केली हे विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तू अगदीच चुकलीस असे मी म्हणत नाही. नेम टी आणि बी पेशीच धरतात, जुने वैर लक्षातही त्याच ठेवतात. पण टी पेशीपुढे प्रतिजन, म्हणजे तिने ओळखायचा तुकडा, मांडून तिला पहिल्यांदा जागे करण्याचे काम प्रामुख्याने डेंड्रायटिक पेशी करते, आणि तिच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल मिळाले.

आईच्या रुमॅटॉइड संधिवातातही हेच दिसते. सकाळी तासभर तिला मूठ वळवता येत नाही, त्यामागे सांध्याच्या अस्तरात ठाण मांडून टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन सोडणाऱ्या मॅक्रोफेजचा मोठा हात आहे. तिच्या रिपोर्टमधली अँटी-सीसीपी प्रतिपिंडे ज्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध असतात, तीही न्यूट्रोफिलच्या जाळ्यांत आढळतात. रात्री ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी घेते, ती टोल-लाइक रिसेप्टरचे पेशीच्या आतले काम मंदावते. म्हणजे तू परीक्षेपुरता ठेवलेला धडा आपल्या घरात रोज जेवणानंतर पाण्याबरोबर घेतला जातो.

माळ्यावरच्या लाकडी पेटीत एल. ई. सेलची एक जुनी स्लाइड सापडली आहे. रंग उडाला आहे, पण ऑइल इमर्शन भिंगाखाली दिसते. दिवाळीला आलीस की तुझी तू शोध, मी मध्ये बोलणार नाही.

तुझे,
बाबा