शेती झोनमधलं गोदाम मला भाड्याने दिल्याबद्दल

प्रति,
संचालक, भाडे विभाग

विषय : पुण्याच्या नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढे असलेल्या तुमच्या लॉजिस्टिक पार्कमधील गाळा क्रमांक ७

आज सकाळी तुमच्या ऑफिसशी माझं सहाव्यांदा बोलणं झालं. आता फोन करणार नाही.

करारनामा, भाडं, अनामत, सगळं तुमच्या दप्तरी आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. ज्या गटावर तुमची शेड उभी आहे, तो गट १९९७ च्या प्रादेशिक योजनेत शेती झोनमध्ये, म्हणजे शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यात येतो. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हे सांगणारा झोन दाखला मी स्वतः रांगेत उभी राहून काढला. सातबाऱ्यावर अजून ज्वारीची नोंद आहे. त्या जागेवर माझे वह्यांचे चौदाशे गठ्ठे रचलेले आहेत आणि शाळा जूनमध्ये उघडतात.

हे मला कळलं विमा कंपनीमुळे. कागदाचा माल, म्हणून आगीचा विमा घ्यायला गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मागितलं. तुम्ही ते दिलं नाहीत, कारण तुमच्याकडे ते नाही. आज माझा माल विम्याशिवाय पडून आहे.

सही करण्यापूर्वी तुमच्या माणसाने रंगीत नकाशा टेबलावर पसरून सांगितलं होतं, ‘नवीन डीपीत (विकास आराखड्यात) हा पट्टा इंडस्ट्रियल होतोय.’ तो नकाशा पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, २०२१ च्या प्रारूप आराखड्याचा होता. प्रारूप म्हणजे मंजूर नव्हे, हे इमारती बांधून भाड्याने देणाऱ्याला ठाऊक असतं. शिवाय तो आराखडा सरकारने २०२५ मध्ये रद्द केला, आणि माझ्याशी करार केलात तो त्यानंतर. रद्द झालेला नकाशा दाखवून तुम्ही माझी सही घेतलीत.

दुसऱ्या फोनला उत्तर मिळालं की आता एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, लागतच नाही. ही सवलत आराखड्यात जो वापर दाखवला आहे त्याच वापरापुरती असते. शेती झोनमध्ये वह्यांचं गोदाम त्यात कसं बसवलंत? उद्या एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम ५३ खाली बांधकाम काढण्याची नोटीस आली, तर माल बाहेर मी काढायचा.

आता आजचा फोन. सतरा मिनिटं थांबवून ठेवलं. मग एका गृहस्थांनी फोन घेतला. नाव विचारलं तर म्हणाले, ‘ऑपरेशन्समधून बोलतोय.’ मी झोन दाखल्याचा विषय काढला. ते म्हणाले, ‘मॅडम, तिकडे सगळ्यांचंच असं आहे.’ मी म्हटलं, मला सगळ्यांचं नको, माझ्या गाळ्याचं सांगा, बांधकाम परवानगीचा क्रमांक द्या. थोडा वेळ काही आवाज नाही. मग, ‘मॅडम, हे झोनबिन तुम्हाला नाही कळायचं. मिस्टरांना द्या ना फोन.’ मी सांगितलं की धंदा माझा आहे, करारावर सही माझी आहे, दरमहा पाच तारखेला भाडं माझ्या खात्यातून जातं. त्यावर ते हसले. मागे आणखी कोणीतरी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. ‘बरं, मग घरी विचारून कळवा,’ म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता, तशी सूचना सुरुवातीलाच ऐकवता. आजचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः बसून ऐका. अकरा वर्षं हा धंदा करते आहे. अप्पा बळवंत चौकातल्या, पुण्याच्या वह्यापुस्तकांच्या बाजारातल्या, एकाही दुकानदाराने मला कधी मिस्टरांना फोन द्यायला सांगितलं नाही.

रस्त्याचंही लिहितेच. पार्क म्हणता, पण आत यायला बैलगाडीची जुनी वाट आहे. चाळीस फुटी कंटेनर वळत नाही, तो हायवेलाच उभा राहतो. तिथून माल छोट्या टेम्पोत भरायचा आणि पुन्हा गाळ्यात उतरवायचा, म्हणजे हमाली दोनदा. अग्निशमनाची गाडी तरी कशी येणार? शाळेची मुलं त्याच वाटेने सायकलने जातात, कंटेनरच्या आडून हायवेवर येतात. झोन आणि रस्त्याची रुंदी बघून गोदामांना परवानगी द्यायची असते ती याचसाठी. तुम्ही ती पायरीच वगळलीत आणि विम्याशिवाय माल मात्र माझा पडून आहे.

तुमचं नाव ऐकून आले होते. आधीचा पत्र्याचा गाळा स्वस्त होता. तो सोडला, कारण तुमच्याकडे कागद चोख असतील असं वाटलं होतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पूर्ण अनामत, दुसऱ्यांदा दिलेली हमाली आणि माल हलवायचं भाडं पंधरा दिवसांत परत हवं. बांधकाम परवानगी असेल तर तिची प्रत पाठवा, नसेल तर नाही असं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. नाहीतर ग्राहक आयोगात जाणार. हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे तिथे जाता येतं, असं वकिलांनी सांगितलं आहे. शेजारच्या पाच गाळेधारकांनाही झोन दाखल्याची प्रत देणार आहे.

उत्तर माझ्याच नावाने पाठवा.

गाळा क्रमांक ७ ची भाडेकरू