साच्यात समुद्राची वाळू नको

महोदय,
सिलिकॉनच्या साच्यात सिमेंटच्या पणत्या, छोट्या कुंड्या घरोघरी होऊ लागल्यात. मात्र फुकट मिळते म्हणून पुळणीवरची वाळू वापरू नये. तिच्यातल्या मिठाने वस्तूवर लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो, रंगाचे पोपडे निघतात. नदीची वाळू धुऊन, वाळवून बारीक चाळावी. सिमेंट दोन वाट्या, वाळू दोन, पाणी साधारण एक, तेही थोडंथोडं. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं. पाणी वाढवलं की ओतायला सोपं, पण कडा हातात येतात. भरलेला साचा दोन मिनिटं ठोकावा, नाहीतर बुडबुड्यांची भोकं राहतात. 24 तासांनी काढून 7 दिवस पाण्यात ठेवावं. (उन्हात वाळवण्याची घाई नडते.) पावसाळ्यात उघड्या पिशवीतलं सिमेंट दमट होतं, बोटाने न फुटणारी गुठळी दिसली तर ते टाकूनच द्यावं. हातमोजे हवेतच.

– एक वाचक, रत्नागिरी