एमआरआयच्या खोलीतल्या ताईंचे आभार

मंगळवारी रात्री धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आईच्या कमरेचा एमआरआय होता. मशीनची ठकठक सुरू होताच तिनं मदतीला बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबला. बाहेर आली ती रडतच. बाहेर रांग होती, तरी टेक्निशियन ताई रागावल्या नाहीत. "काकू, आवाजच तेवढा मोठा असतो. यात एक्स-रेचे किरणसुद्धा नसतात," म्हणाल्या. मशीनमध्ये मोठं चुंबक असतं, धातू चालत नाही, म्हणून आधी घट्ट बसलेली जोडवीही त्यांनीच खाली बसून, साबण लावून अलगद काढली होती. मग माझं घड्याळ, बेल्ट, मोबाइल, चिल्लर सगळं बाहेर ठेवायला लावून मला आईचा पाय धरून आत उभं केलं. वीस मिनिटं आई हलली नाही.

ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलं. रुमालात बांधून दिलेली जोडवी आईनं घरी येऊन घातली. मनापासून आभार.