चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या जळगावात अजून घरोघरी विंडोज ७ दिसतं, त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले, पण लोक म्हणतात चालतंय ना मग कशाला हात लावायचा (मी पण तेच म्हणायचो, खोटं कशाला बोलू). मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा त्याला अडवणारा पॅच (म्हणजे विंडोजची भोकं बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही त्यांच्या फायली लॉक अन् वर बिटकॉइनमध्ये खंडणी. बरं नुकसान आपलंच होतं असं पण नाही, व्हायरस शिरला की आपल्याच कॉम्प्युटरवरून दुसऱ्यांवर हल्ले होतात, आपल्याला फक्त स्लो झालाय एवढंच वाटतं. केळीवर करपा आला तर शेजारचा शेतकरी लगेच बांधावर येऊन बोलतो, इथं कोण बोलणार? मशीन जुनं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाका, फुकट आहे.

– एक वाचक, जळगाव