'एनटी'ची वेळ कोण सांगणार?

सुनेची पहिली सोनोग्राफी ठोके ऐकण्यापुरती झाली. 'आता पाचव्या महिन्यात या' म्हणाले. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी 'एनटी' तपासणी असते, हे आम्हाला शेजारणीकडून कळले. कवटीच न बनणे, पोटाची भिंत उघडी राहणे असे गंभीर दोषही तेव्हा दिसू शकतात. जाडी जास्त भरली म्हणजे दोष आहेच असे नाही, पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. आमच्याकडे मात्र सोनोग्राफी म्हटले की अजून 'मुलगा की मुलगी' हीच कुजबुज! लिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी केला. 'येथे लिंगनिदान केले जात नाही' या पाटीशेजारी दवाखान्यांनी या आठवड्यांचीही पाटी लावावी.

– एक सासू, कराड